सेकंदाचा विसावा भाग : अविनाश साबळे आणि पहाटे धावणारी आपली मुले

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

२०२४ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा कोल्हापूरकर सहजासहजी विसरणार नाहीत. १ ऑगस्टला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतील कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी तब्बल बहात्तर वर्षे वाट पाहावी लागली होती, ती त्या दिवशी संपली. त्या आनंदात आणखी एक घटना मात्र आपल्याकडे जवळजवळ बोललीच गेली नाही. ७ ऑगस्टच्या रात्री, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे वाटेत अडथळे आणि पाण्याच्या उड्या असलेल्या धावण्याच्या प्रकाराच्या, अंतिम शर्यतीत उभा होता. ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष. त्या रात्री तो ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत अकरावा आला. मी घरात एकटाच जागा होतो आणि सकाळी मैदानावर ज्यांना ज्यांना विचारले, त्यांपैकी एकानेही ती शर्यत पाहिलेली नव्हती.

मी गेली काही वर्षे पहाटे विभागीय क्रीडा संकुलात आणि कधी विद्यापीठाच्या आवारात फेऱ्या मारायला जातो. तिथे रोज साठ-सत्तर मुले धावताना दिसतात. करवीर, कागल, पन्हाळा, शाहूवाडी अशा तालुक्यांतून आलेली ही मुले शहरात खोली घेऊन राहतात आणि भरतीसाठी धावतात. त्यांच्या घड्याळात एकच अंतर असते, १६०० मीटर. साडेपाच मिनिटांच्या आत आले की सैन्यभरतीत धावण्याचे पूर्ण गुण मिळतात, म्हणून त्यांचा सारा सराव तेवढ्यासाठीच चालतो. साबळेची कथा मी जितकी वाचत गेलो, तितका या मुलांकडे पाहण्याचा माझा दृष्टिकोन बदलत गेला. म्हणून हा धागा.

साबळेचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. आईवडील वीटभट्टीवर काम करणारे. घरापासून शाळा सहा किलोमीटर दूर आणि वाहनाची सोय नाही, त्यामुळे लहानपणापासून ते अंतर पायीच कापायचे, उशीर झाला तर पळत. येथपर्यंतची कथा आपल्या दुष्काळी भागातल्या हजारो मुलांची आहे आणि तिच्यात खेळाडू घडल्याची कोणतीही खूण नाही. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटच्या ५ व्या बटालियनमध्ये. २०१३-१४ मध्ये सियाचीन, नंतर राजस्थानचे वाळवंट, २०१५ मध्ये सिक्कीम. त्याच वर्षी सैन्यांतर्गत क्रॉस कंट्री, म्हणजे मोकळ्या माळरानावरच्या लांब पल्ल्याच्या, शर्यतीत तो उतरला. म्हणजे ज्या वयात इतर देशांचे धावपटू कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धा खेळून झालेले असतात, त्या वयात हा मुलगा पहिल्यांदा स्पर्धा म्हणून धावला. पुढे दुखापत झाली, वजन वाढले, ते घाम गाळून उतरवावे लागले, आणि २०१७ मध्ये सैन्याचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले.

पुढच्याच वर्षी भुवनेश्वरच्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत त्याने गोपाळ सैनी यांचा ८:३०.८८ हा १९८१ पासूनचा विक्रम मोडला. सदतीस वर्षे कोणाला न जमलेली गोष्ट या शर्यतीची ओळख होऊन जेमतेम वर्ष झालेल्या जवानाने केली. त्यानंतर त्याने स्वतःचाच विक्रम इतक्या वेळा मोडला की ते एकेक सांगत बसत नाही. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसला डायमंड लीग या जागतिक दर्जाच्या स्पर्धामालिकेत तो ८:०९.९१ वर पोहोचला, एवढे सांगणे पुरे.

भरतीच्या मुलांना कळेल अशा हिशेबात हे मांडतो. ८:०९.९१ म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी सरासरी सव्वापासष्ट सेकंदांत. या गतीने १६०० मीटरची खूण सुमारे ४ मिनिटे २१ सेकंदांत ओलांडली जाते, तीही मध्ये अडथळे घेत, आणि त्यानंतर आणखी १४०० मीटर शिल्लक असतात.

माझा प्रश्न असा आहे. साबळेला कोणत्याही क्रीडा योजनेने शोधले नाही. तो सैन्यात गेला नसता, किंवा गेल्यावर क्रॉस कंट्रीच्या संघात उभा राहिला नसता, तर आज तो कोण असता? आणि आपल्या संकुलात धावणाऱ्या साठ-सत्तर मुलांकडे १६०० मीटरच्या पुढे कोणी घड्याळ लावून पाहिले आहे का?


निवृत्त_हवालदार

धागा मनापासून वाचला. मी शिरोळ तालुक्यातला, सतरा वर्षे पायदळात काढली. आमच्या सैनिक टाकळीचे नाव आपण ऐकलेच असेल. तिथे मुलगा चालायला लागला की पुढे तो पलटणीत जाणार असे गृहीत धरतात. धावणे आमच्या भागात नवीन नाही.

पलटणीत काय घडते, ते नागरी लोकांना नीट माहीत नसते म्हणून सांगतो. आधी कंपन्यांमध्ये क्रॉस कंट्री होते. सगळे धावतात, ज्याला आवडते तो आणि ज्याला आवडत नाही तोही. त्यातून बटालियनचा संघ निवडला जातो आणि मग वरच्या पातळीच्या स्पर्धा. त्या संघात आलेल्या जवानाला सरावाला वेळ मिळतो, आहार मिळतो आणि मुख्य म्हणजे पगार चालू राहतो. महिन्याच्या एक तारखेला घरी पैसे पोहोचणार, हे माहीत असलेला मुलगा निर्धास्तपणे धावतो. साबळेच्या कथेत सियाचीनचे वर्णन सगळे करतात, कारण ते रोमांचक वाटते. माझ्या अनुभवाने सांगतो, सियाचीनने कोणी धावपटू होत नाही, उलट तिथे शरीर झिजते. त्याला धावपटू केले ते सगळ्यांना एका रांगेत उभे करून धावायला लावणाऱ्या त्या साध्या कंपनी शर्यतीने.


मैदानावरचा_मास्तर

हवालदारसाहेब, आपण नेमके बोट ठेवलेत. मी बावीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवतो आणि याच गोष्टीचा विचार करत आलो आहे.

कोल्हापुरात मल्ल कसा सापडतो ते पाहा. प्रत्येक पेठेत तालीम आहे. मूल सात-आठ वर्षांचे झाले की वडील किंवा चुलते त्याला लाल मातीत नेऊन सोडतात. वस्ताद त्याची मान, मनगट, खांदे पाहतो, चार दिवस त्याला नुसते लोळू देतो आणि मग सांगतो की या पोरात काही आहे की नाही. राजर्षी शाहू महाराजांनी या विद्येला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले, आणि तेव्हापासून या शहराची नजर मल्ल ओळखायला तयार झाली. फुटबॉलचेही तसेच, तालमींचेच संघ झाले आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यालाही कोणते पोर पुढे जाईल हे कळते. धावणाऱ्याला मात्र तालीम नाही आणि वस्तादही नाही. तो एकटा धावतो, त्याच्याकडे पाहून कोणी काही सांगत नाही, आणि भरती झाली किंवा वय उलटले की तो थांबतो. साबळेसाठी त्याची पलटण हीच तालीम झाली आणि अमरीश कुमार हे वस्ताद झाले, असे मी समजतो.

माझ्याच एका विद्यार्थ्याचे सांगतो. नववीत असताना आंतरशालेय ३००० मीटर शर्यतीत तो दुसऱ्या मुलापेक्षा जवळजवळ अर्धी फेरी पुढे होता. पायाचा आवाज येत नसे, इतका हलका धावायचा. पुढच्या पातळीच्या स्पर्धेला नेण्यासाठी मी खूप धडपडलो, पण अर्ज वेळेत पुढे गेला नाही आणि त्याचे वर्ष वाया गेले. नंतर त्याने भरतीची तयारी केली, दोनदा वैद्यकीय चाचणीत अडकला आणि आता तो दुधाची गाडी चालवतो. रोज पहाटे माझ्या घरावरून जातो. मला दोष द्यायचा तर मी स्वतःलाच देतो, कारण त्या अर्जाच्या मागे मी रोज जायला हवे होते.


आकडेमोड

लेख चांगला आहे, परंतु भावनेच्या भरात एक गोष्ट निसटू नये. इथिओपियाच्या लामेचा गिर्माचा जागतिक विक्रम ७:५२.११ आहे, जून २०२३ मध्ये पॅरिसलाच नोंदवलेला. साबळे त्याच्यापासून जवळजवळ अठरा सेकंद मागे आहे. पॅरिसची अंतिम शर्यत मोरोक्कोच्या सूफियान अल बक्कालीने ८:०६.०५ मध्ये जिंकली आणि साबळे त्याच्यामागे आठ सेकंद होता. त्याआधी टोकियो ऑलिंपिकमध्ये तो प्राथमिक फेरीतच बाहेर पडला आणि २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेतही अंतिम फेरी हुकली. देशातील विक्रम पुन्हा पुन्हा मोडणे आणि जगात पदक मिळवणे यांत मोठे अंतर आहे, हे मान्य करूनच चर्चा व्हावी.


पंचगंगाकाठ

आकडेमोड, आपले आकडे बरोबर आहेत आणि ते इथे यायलाच हवे होते. पण या शर्यतीत वेळ आणि क्रमांक यांचा संबंध सरळ नसतो, हे साबळेच्याच कारकिर्दीतून दिसते, म्हणून सविस्तर लिहितो.

टोकियोत तो दुसऱ्या प्राथमिक शर्यतीत ८:१८.१२ मध्ये सातवा आला. तो त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम होता. तिसरी प्राथमिक शर्यत संथ झाली, आणि तिच्यातून थेट अंतिम फेरीत गेलेल्या पहिल्या तिघांची वेळ साबळेपेक्षा जास्त होती. म्हणजे त्यांच्यापेक्षा वेगाने धावूनही हा बाहेर आणि ते आत. आयुष्यातली सर्वोत्तम वेळ देऊन जो घरी परततो, त्याच्या मनाचे काय होत असेल याची कल्पना करा. १९५२ च्या हेलसिंकीत गुलझारा सिंग धावले होते. त्यांच्यानंतर या शर्यतीत ऑलिंपिकला पोहोचलेला हा पहिला भारतीय पुरुष. खाशाबा आणि गुलझारा सिंग एकाच पथकात होते. खाशाबांना त्या हेलसिंकीला पाठवण्यासाठी आपल्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट कोल्हापुरात प्रत्येकाला ठाऊक आहे. गुलझारा सिंगांचे नाव मात्र मीही हा लेख लिहिताना पहिल्यांदा नीट वाचले.

२०१९ ची दोहा जागतिक स्पर्धा आठवा. प्राथमिक शर्यतीत इथिओपियाचा एक धावपटू पडला, त्यात साबळे अडकला, लय तुटली, तरीही तो ८:२५.२३ मध्ये आला. भारतीय पथकाने हरकत घेतली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम शर्यतीत धावण्याची परवानगी मिळाली. तीन दिवसांनी त्याने तिथे ८:२१.३७ वेळ दिली. क्रमांक तेरावा आला, पण ऑलिंपिक पात्रतेची ८:२२ ची रेषा त्याने ओलांडली.

आता २०२२ चा जुलै. यूजीनच्या जागतिक स्पर्धेची अंतिम शर्यत इतकी संथ झाली की अल बक्कालीने ती ८:२५.१३ मध्ये जिंकली, म्हणजे साबळेच्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा बारा सेकंदांहून अधिक मंद वेळेत. साबळे ८:३१.७५ मध्ये अकरावा आला. वेग होता, पण शेवटच्या फेरीत गती एकदम बदलण्याची सवय नव्हती. भारतात तो नेहमी एकटाच पुढे धावत आला, कारण त्याच्यासोबत धावणारा कोणी नव्हता. गर्दीत धावणे, कोपर सांभाळणे, कोणाच्या मागे कधीपर्यंत थांबायचे, हे एकट्याने धावून शिकता येत नाही.

आणि मग तीन आठवड्यांच्या आत, ६ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या सहाही वेळा या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली होती. या वेळीही केनियाचे तिघे पुढे होते, त्यांत रिओ ऑलिंपिकचा विजेता कॉन्सेस्लस किप्रुटो होता. साबळे त्यांच्या मागे चिकटून राहिला. किप्रुटो मागे पडला. अखेरच्या फेरीत साबळेने आमोस सेरेमला मागे टाकले आणि शेवटच्या सरळ पट्ट्यावर अब्राहम किबिवोटला जवळजवळ गाठले. किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. सेकंदाचा विसावा भाग. त्या वेगात हे अंतर साधारण एक फूट भरते. तीन किलोमीटर, अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्यांनंतर एक फूट.

मी ती शर्यत कितीदा पाहिली असेल, याची गणती नाही. रौप्यपदकाचे दुःख मला कधी वाटले नाही. यूजीनमध्ये जे जमले नव्हते ते इतक्या थोड्या दिवसांत त्याने करून दाखवले, हेच मला त्यात दिसते.


माणदेशी_लेक

माझे माहेर माण तालुक्यातले आणि सासर कोल्हापूरचे. इथे एका गोष्टीची आठवण करून देणे मला माझे कर्तव्य वाटते. साबळेच्या आठ वर्षे आधी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, माण तालुक्यातल्याच मोही गावच्या ललिता बाबर यांनी महिलांच्या ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली होती. प्राथमिक शर्यतीत ९:१९.७६ असा राष्ट्रीय विक्रम आणि अंतिम शर्यतीत ९:२२.७४ वेळेसह दहावा क्रमांक. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांनी लॉस एंजेलिसला अंतिम फेरी गाठल्यानंतर धावण्याच्या मार्गावर ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. धागाकर्त्यांनी ‘पहिला भारतीय पुरुष’ असे काळजीपूर्वक लिहिले आहे, त्याबद्दल आभार, पण ताईंचे नाव एवढ्या मोठ्या लेखात यायला हवे होते.

त्यांचीही वाट सरळ नव्हती. शाळेत खो-खो, मग लांब पल्ल्याच्या शर्यती. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे पहिला क्रमांक, आणि २०१४ मध्येच स्टीपलचेसकडे वळण. त्याच वर्षी इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत कांस्य, २०१५ मध्ये वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण, आणि त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठव्या. आमच्या माणमध्ये पावसाळ्यातही टँकर येतात. त्या मातीत धावून कोणी जगात आठवी येते, हे मला आजही सांगताना भरून येते.

मास्तरांना विचारते, संकुलात पहाटे धावणाऱ्या साठ-सत्तर मुलांत मुली किती असतात?


मैदानावरचा_मास्तर

ताई, पूर्वी चार-पाच असत, आता वीसच्या आसपास दिसतात. पोलीस भरतीमुळे मुली मैदानावर आल्या, हे नाकारता येणार नाही. पण त्यांच्यापैकी कोणी पाण्याची उडी पाहिलेलीही नाही.

ललिताताई आणि साबळे यांच्यातला एक दुवा सांगतो. बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव यांनी दोघांनाही शिकवले. साबळेला त्यांची अतिशय कडक दिनचर्या मानवली नाही, तो पुन्हा अमरीश कुमार यांच्याकडे गेला. पुढे टोकियोच्या तयारीसाठी स्नेसारेव भारतात परत आले आणि मार्च २०२१ मध्ये पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतील वसतिगृहात त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या काळात साबळेने अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्ज येथे स्कॉट सिमन्स यांच्याकडे सराव केला. ते शहर समुद्रसपाटीपासून अठराशे मीटरहून उंच आहे. विरळ हवेत राहून शरीर रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवते आणि खाली येऊन धावताना त्याचा लाभ होतो. आपले कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि पन्हाळाही त्या उंचीच्या जवळपास जात नाही, त्यामुळे पन्हाळ्यावर मुले नेऊन विरळ हवेचा सराव होतो, असे जे काही जण सांगतात ते खरे नाही. पन्हाळ्याच्या चढाचा उपयोग मांड्यांना होतो, आणि तो भरपूर होतो.


फिजिओ_राजारामपुरी

व्यवसायाने मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि या शर्यतीच्या शारीरिक बाजूबद्दल थोडे लिहिणे उपयोगी ठरेल असे वाटते.

स्टीपलचेसचा अडथळा साध्या अडथळ्यांच्या शर्यतीसारखा पाय लागला की पडत नाही. पुरुषांसाठी ९१.४ सेंटिमीटर उंच, महिलांसाठी ७६.२, आणि वजन ८० ते १०० किलो. त्याला गुडघा आपटला तर गुडघाच जायबंदी होतो. पाण्याच्या अडथळ्यापुढे ३.६६ मीटर लांबीचा खड्डा असतो, अडथळ्याजवळ खोल आणि पुढे उथळ होत जाणारा. धावपटू अडथळ्याच्या फळीवर पाय देऊन झेपावतो आणि एका पायावर पाण्यात उतरतो. शेवटच्या फेऱ्यांत मांड्या जड झालेल्या असतात, बूट भिजलेले असतात आणि शरीराचा सारा भार क्षणभर एका गुडघ्यावर येतो. पॅरिसच्या अंतिम शर्यतीत खुद्द जागतिक विक्रमवीर गिर्मा शेवटच्या फेरीत अडथळ्याला अडखळून असा कोसळला की त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये साबळेच्या गुडघ्याला झालेली दुखापत याच जातीची. एसीएल हा गुडघ्याच्या आतला अस्थिबंध आणि मेनिस्कस ही गादी, दोन्ही फाटले. शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. जेमतेम दीड महिन्यापूर्वी, मे महिन्यात, त्याने गुमी येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचे सुवर्ण ८:२०.९२ वेळेत मिळवले होते. १९८९ मध्ये दीना राम यांनी जिंकल्यानंतर या शर्यतीत भारताला मिळालेले ते पहिले सुवर्ण. अशा भरात असताना हे झाले.

एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर खेळात परतायला साधारण नऊ महिने तरी द्यावे लागतात आणि पाय बळकट झाला तरी मन लवकर तयार होत नाही. माझ्याकडे येणारे मल्लही कुस्ती धरताना त्या पायावर भार टाकायला कितीतरी दिवस कचरतात. स्टीपलचेसमध्ये ही भीती एका शर्यतीत पस्तीस वेळा समोर येते. म्हणून साबळे पुन्हा ८:१० च्या आत येईल का, यापेक्षा पहिल्या पाण्याच्या उडीला तो पूर्वीसारखा न थबकता जाईल का, हे मी पाहणार आहे.


आकडेमोड

फिजिओ यांचा प्रतिसाद वाचून माझ्या आधीच्या लिखाणात भर घालावीशी वाटते. मी केवळ ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धा मोजल्या होत्या. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत १ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याने ८:१९.५० या स्पर्धा विक्रमासह सुवर्ण मिळवले आणि त्याच स्पर्धेत ५००० मीटरमध्ये रौप्यही मिळवले. महिलांत सुधा सिंग यांनी २०१० मध्ये ग्वांगझूला याच शर्यतीचे सुवर्ण मिळवले होते, हेही माणदेशी ताईंच्या मुद्द्याला धरून नोंदवतो. शिवाय त्याचे इतर आकडे पाहिले. ५००० मीटरचा बहादूर प्रसाद यांचा १९९२ पासूनचा विक्रम त्याने २०२२ मध्ये मोडला आणि २०२० च्या दिल्ली अर्धमॅरेथॉनमध्ये १ तास ३० सेकंद ही वेळ देऊन एकसष्ट मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय ठरला. तीन हजार मीटरपासून एकवीस किलोमीटरपर्यंत एकाच माणसाचा असा पल्ला भारतात मी तरी दुसरा पाहिलेला नाही. अठरा सेकंदांचे अंतर मी अजूनही लहान मानत नाही, परंतु एकविसाव्या वर्षी सुरुवात केलेल्या माणसासाठी ते कमीच म्हणावे लागेल.


पहाटेचा_धावक

सर्वांना नमस्कार. मी या संस्थळावर आजवर फक्त वाचत होतो, पहिल्यांदाच लिहीत आहे, चूकभूल माफ असावी. धागाकर्त्या काकांनी लिहिलेल्या साठ-सत्तर मुलांपैकी मी एक आहे. गाव पन्हाळा तालुक्यात, वय एकोणीस, वडील ऊसतोडणीच्या हंगामात टोळीवर मुकादमाच्या हाताखाली काम करतात.

माझी १६०० मीटरची वेळ ४ मिनिटे ५६ सेकंद आहे. आमच्या अकादमीत पाच मिनिटांच्या आत आलो की पुढे त्यावर काही काम होत नाही, कारण पूर्ण गुण तसेही मिळतात, मग लेखी परीक्षेकडे लक्ष द्यायला सांगतात. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत, घरच्यांनी मला नोकरीसाठीच पाठवले आहे आणि मलाही नोकरी हवीच आहे. पण धावताना मला चौथ्या फेरीला जे वाटते ते कोणाला सांगितलेले नाही. माझ्या बरोबरची मुले चौथ्या फेरीला संपलेली असतात आणि मला तेव्हा कुठे पाय मोकळे झाल्यासारखे वाटतात. थांबायची इच्छा नसते. साबळे यांच्याबद्दल वाचून विचारावेसे वाटले की याला काही अर्थ असतो का.


निवृत्त_हवालदार

बाळा, अर्थ असतो. पलटणीत आम्ही अशाच पोराला शोधत असू. लेखी परीक्षेचा अभ्यास मात्र अजिबात सोडू नकोस. साबळेलाही आधी वर्दी मिळाली आणि मग मैदान मिळाले, हे कायम ध्यानात ठेव.


मैदानावरचा_मास्तर

येत्या रविवारी पहाटे सहाला संकुलात ये. मी घड्याळ घेऊन येतो. कोणतीही स्पर्धा नाही, साडेसात फेऱ्या म्हणजे ३००० मीटर, तुझ्या सोयीच्या गतीने सुरुवात आणि शेवटच्या दोन फेऱ्या जितक्या जमतील तितक्या. शनिवारी जोर लावून धावू नकोस, रात्री नेहमीचेच जेव. आणखी कोणाला यायचे असेल, मुली असोत वा मुले, तर जरूर यावे.


पंचगंगाकाठ

मीही येतो. फेऱ्या मोजायचे काम माझ्याकडे द्यावे.


मैदानावरचा_मास्तर

रविवारचा वृत्तांत थोडक्यात. एकूण अकरा जण आले, त्यांत तीन मुली. सगळ्यांनी साडेसात फेऱ्या पूर्ण केल्या. पहाटेच्या धावकाची वेळ ९ मिनिटे ४८ सेकंद भरली, आणि शेवटची फेरी त्याची सर्वांत वेगवान होती, ७१ सेकंद. एका मुलीची वेळ ११ मिनिटे ३५ सेकंद. तिने याआधी कधीही १६०० च्या पुढे धावून पाहिले नव्हते. हे आकडे सपाट मार्गावरचे आहेत, मध्ये एकही अडथळा नव्हता, आणि यावरून कोणाचेही भविष्य सांगायला मी बसलेलो नाही. पण मी घरी आल्यावर वही काढून अकराही जणांच्या प्रत्येक फेरीची वेळ उतरवून ठेवली आहे. बावीस वर्षांत हे मी पहिल्यांदा केले.


पहाटेचा_धावक

सर, एक विचारायचे होते. आमच्या गावात सुतारकाम करणारे चुलते आहेत. त्यांना उंची आणि फळीची जाडी सांगितली तर ते बाभळीच्या लाकडाचा एक अडथळा करून द्यायला तयार आहेत. ९१.४ सेंटिमीटर हे जमिनीपासून फळीच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचे की खालच्या?


मैदानावरचा_मास्तर

वरच्या कडेपर्यंत. फळी पाच इंच बाय पाच इंच, आणि पाये रुंद ठेवायला सांग, म्हणजे पाय दिला तर उलटणार नाही. पण सुरुवातीला ७६ सेंटिमीटरचाच करून घ्या. मुलींनाही तो लागेल आणि तुझ्या गुडघ्यालाही.